यशवंत घाडगे कोणासाठी लढले?

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी जर्मनांच्या पक्क्या मोर्च्यावर चालून गेली. तिच्यातल्या एका सेक्शनवर, म्हणजे आठ-दहा जवानांच्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सगळा सेक्शन आडवा झाला. कोणी जागच्या जागी गेलं, कोणी जायबंदी होऊन पडलं. धड राहिला तो एकटा सेक्शन कमांडर, नाईक यशवंत घाडगे. वय बावीस, गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव.

पुढचं सगळं त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या, मानपत्रात नोंदलेलं आहे. सोबत यायला कोणी उरलेलं नाही हे पक्कं ठाऊक असूनही घाडगे मशीनगनच्या रोखाने धावले. आधी हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा, दोन्ही थंड केले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. नवं मॅगझिन चढवायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारलं. मोर्चा हाती आला. त्याच मोर्च्यात, शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, ते गेले.

त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस पत्नी लक्ष्मीबाईंनी व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून स्वीकारला. घाडग्यांची ज्ञात अशी समाधी कुठेही नाही. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर चार हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, त्यांत त्यांचं नाव आहे. माणगावला तहसील कार्यालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. रायगड जिल्ह्याची आणि मराठा रेजिमेंटची माणसं सोडली तर उरलेल्या महाराष्ट्रात हे नाव किती जणांना सांगता येईल, याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक आहे.

हा विषय कुठेही काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पण ते तर इंग्रजांसाठी लढले.’ बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं. मला ते तिथे थांबू द्यायचं नाही. आक्षेप पोकळ नाही आणि म्हणूनच त्याचं उत्तर नीट, पुरतं द्यायला हवं.

आक्षेपाची बाजू आधी पूर्ण मांडतो. घाडगे इटलीत लढत होते तेव्हा गांधी, नेहरू आणि अनेक नेते जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात काढून बसले होते किंवा नुकतेच सुटले होते. गवालिया टँकवरच्या ‘चले जाव’नंतर नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले होते. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली होती आणि त्यातला सरकारच्या युद्धनीतीचा वाटा कोणी विसरू नये. त्याच जुलै महिन्यात इंफाळच्या आघाडीवरून आझाद हिंद सेना उपाशीपोटी, तापाने फणफणत माघारी फिरत होती. अशा काळात इंग्रजांच्या राजाची शपथ घेऊन लढणाऱ्या शिपायाला आपला वीर म्हणायचं का? शिवाय याच हिंदी सैन्याच्या हातून जालियनवाला बाग घडली. महायुद्ध संपल्यावर याच सैन्याच्या तुकड्या इंडोनेशियात आणि व्हिएतनाममध्ये पाठवल्या गेल्या. तिथे नकोशा झालेल्या डच आणि फ्रेंच राजवटींना पुन्हा पाय रोवता यावेत म्हणून त्यांना स्वातंत्र्य मागणाऱ्या लोकांसमोर उभं केलं गेलं. यातलं काहीही खोटं नाही. मराठा शिपायांचा गौरव करायचा म्हणून ही पानं फाडून टाकावीत, असं मला वाटत नाही.

पण त्या काळच्या महाराष्ट्रात या प्रश्नाला एकच उत्तर होतं, असं समजणं ही मात्र आपली नंतरची सोय आहे. काँग्रेस युद्धसहकार्याच्या विरोधात होती. सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगत होते. डॉ. आंबेडकरांना फॅसिझमचा पराभव अत्यावश्यक वाटत होता आणि ज्या समाजाला सैन्याचे दरवाजे बंद झाले होते त्याला ते पुन्हा उघडून हवे होते. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे त्यांची खटपट होती. नंतर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. या तिघांच्या भूमिका एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिघांनाही आपण आज आपल्या इतिहासात जागा देतो. नेत्यांना मतभेदाची मुभा आहे, मग पळसगावच्या पोरानेच तेवढं चुकीच्या बाजूचं ठरावं, हा कुठला न्याय?

आणि पळसगावच्या पोरासमोर निवड होती तरी कसली? कोकणपट्टीतली वरकस जमीन, खोताचा हिस्सा गेल्यावर हाती राहणारं भात, आणि वर्षाचे सहा महिने दुसरं काही नाही. घरातल्या थोरल्याने गिरणीत जायचं आणि धाकट्याने पलटणीत, किंवा उलट. महाड, पोलादपूर, माणगाव, खाली खेड, चिपळूण, आणि घाटावर सातारा, कोल्हापूर, सांगलीकडची कितीतरी गावं पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर जगली. महाड तालुक्यातल्या आंबवड्याला लोक ‘फौजी आंबवडे’ म्हणतात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याचा आकडा पंचवीस लाखांपर्यंत गेला. हे सगळे स्वेच्छेने आले, असं इंग्रज अभिमानाने सांगत. उपाशी घरातून आलेल्याच्या स्वेच्छेला स्वेच्छा म्हणताना जरा अडखळायला हवं. तरीही मी त्यांना नुसते पोटार्थी म्हणणार नाही. पगारासाठी भरती झालेला माणूस पगारासाठी मशीनगनवर धावत नाही. महिन्याच्या पगारात तेवढं बसतच नाही.

मग ते कोणासाठी धावले? माझं उत्तर त्या मानपत्रातूनच निघतं. सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले होते. म्हणजे काही जण जिवंत होते आणि त्या मशीनगनच्या टप्प्यात, उघड्यावर पडले होते. गन चालू राहिली असती तर ते वाचले नसते, आणि मागून येणारी कंपनीही त्याच गोळ्यांत सापडली असती. घाडग्यांच्या मनात त्या क्षणी काय होतं हे कोणालाही सांगता येणार नाही, मी तसा दावा करत नाही. पण त्या धावण्याचा परिणाम कोणाला मिळाला हे दिसतं. लंडनच्या राजाला त्या उतारावरच्या एका खंदकाने काही फरक पडणार नव्हता. फरक पडला तो बाजूला विव्हळत पडलेल्या माणसांना. ज्यांच्यासोबत एका ताटात जेवलो, ज्यांना हुकूम देऊन इथवर आणलं, त्यांना गोळ्यांखाली टाकून मागे फिरायचं नाही, इतकी साधी आणि इतकी भयंकर ती गोष्ट आहे. सेक्शन कमांडर हे पद लहान, पण जबाबदारी पुरी: आठ-दहा जिवांची.

म्हणून माझं म्हणणं असं की या प्रकरणात दोन हिशेब आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. घाडग्यांना तिथवर कोणी नेलं, कोणाच्या साम्राज्यासाठी, देशाला न विचारता युद्धात कोणी ढकललं, हा एक हिशेब. तो इंग्रज सरकारच्या नावावर मांडायचा, शेवटच्या पैपर्यंत. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदी विधिमंडळाला न विचारता देश युद्धात असल्याचं जाहीर केलं. तो अपमान आजही अपमानच आहे. पण तिथे पोहोचल्यावर त्या बावीस वर्षांच्या नाइकाने काय केलं, हा दुसरा हिशेब आहे आणि तो त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. पहिल्यातलं देणं दुसऱ्यातून वळतं करून घ्यायचा आपल्याला अधिकार नाही.

शिवाय सगळ्या आघाड्या सारख्या नसतात. जावामध्ये डचांसाठी लढायला लावणं आणि १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीत जर्मनांशी लढणं यांत फरक आहे, आणि तो करायला आपण कचरू नये. घाडगे पडले त्याच्या अठरा दिवस आधी, २२ जूनला, पेरुजा प्रांतातल्याच गुब्बिओ गावात जर्मन सैन्याने सूड म्हणून चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या होत्या. तसं इटलीभर चाललं होतं. रोम जूनच्या सुरुवातीला मुक्त झालं आणि जर्मन सेना उत्तरेकडे हटत होती. हटताना ती पूल उडवत होती, सुरुंग पेरत होती आणि गावंच्या गावं जाळत होती. त्या सैन्याला एकेका टेकडीवरून मागे रेटण्याचं काम टायबरच्या खोऱ्यात दहाव्या हिंदी डिव्हिजनने केलं. जुलै संपायच्या आत चित्ता दी कास्तेल्लो हे तिथलं मोठं गाव तिच्या हाती आलं. गुलाम देशाच्या शिपायांनी दुसऱ्या कोणाला तरी मोकळं केलं, ही गोष्ट आपल्याला टोचणारी आहे, मान्य. पण मोकळे झालेले लोक खरे होते आणि त्यांची मुलंनातवंडं आज तिथे राहतात.

ती माणसं विसरली नाहीत. पेरुजा प्रांतातल्या मोन्तोने या छोट्या डोंगरी गावाने तिथल्या लष्करी इतिहासकारांना सोबत घेऊन जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यतबकडीच्या रूपातलं स्मारक उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे. बातमी आली, दोन दिवस फिरली, काहींनी अभिमानाने पुढे पाठवली. मला अभिमानाआधी खंत वाटली. इटलीच्या मोहिमेत हिंदी सैन्याचे ५,७८२ जवान मृत्युमुखी पडले. तिथे दिले गेलेले २० व्हिक्टोरिया क्रॉस मोजले तर त्यांतले सहा हिंदी सैनिकांचे. त्या सहांत दोन मराठा रेजिमेंटचे. एवढं सांगायला आपल्याला इटलीतल्या गावाने स्मारक बांधण्याची वाट पाहावी लागली.

दुसरे मराठा वीर नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. पहिल्या पलटणीच्या या शिपायाने खोल पाणी ओलांडून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, मशीनगनच्या माऱ्याखाली दोन जखमी साथीदारांना एकेक करून पार नेलं. मग एकट्याने त्या गनवर चाल केली. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बने गन बंद पाडल्या. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच आठव्या हिंदी डिव्हिजनमधल्या अली हैदर या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फाळणीनंतर अली हैदर पाकिस्तानचे झाले. सेनिओच्या पाण्यात दोघे एका बाजूला होते, आता त्यांच्या आठवणी दोन देशांच्या कपाटांत आहेत, आणि दोन्हीकडे त्या कपाटाची किल्ली सहसा कोणी मागत नाही. जाधव मात्र जिवंत परतले आणि १९८४ मध्ये वारले. जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस आपल्यात होता! पडलेल्या वीराचा पुतळा तरी उभारला जातो. परतलेल्याला आपण बहुधा निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभं करतो आणि १५ ऑगस्टला नारळ-शाल देतो.

‘ती इंग्रजांची फौज’ म्हणणाऱ्यांपुढे आणखी एक गोष्ट ठेवतो, कारण माझ्या मते तिथे हा युक्तिवाद तुटतो. घाडग्यांची तिसरी पलटण १९४७ ला विसर्जित झाली नाही. तोवर ती छत्रीधारी झाली होती, आणि त्याच रूपात काश्मीरमध्ये नौशेरा-झांगडच्या भागात लढली. तिथेच ३ जुलै १९४८ ला ब्रिगेडियर महंमद उस्मान पडले. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट स्वतंत्र झाली तेव्हा ही पलटण दुसरी पॅरा बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या टांगाईलजवळ आकाशातून उतरली ती हीच, आणि ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय तुकड्यांतही तीच होती. टांगाईलचा पराक्रम आपला आणि टायबरचा परका, असं म्हणायचं असेल तर पलटण नेमकी कोणत्या तारखेला परक्याची आपली झाली, तेही सांगावं लागेल. शिपाई तेच होते, त्यांची गावं तीच होती, आणि नव्या रंगरुटांना जुने उस्ताद जे शिकवत होते तेही तेच होतं. पलटण ही आठवणीवर चालते. त्या आठवणीतून १९४७ आधीची पानं आपण काढून टाकली तर नंतरच्या पानांची शिवण उसवते.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही बोलायला हवं, म्हणजे जे घाडग्यांचं नाव जयजयकारासाठी घेतात त्यांच्याशी. मिरवणूक, डीजे, फ्लेक्सवर छापलेला तलवारधारी मावळा आणि शेजारी स्थानिक पुढाऱ्याचा फोटो, एवढ्यात वीरपूजा आटोपते. त्यात १० जुलै १९४४ कुठेच नसतो. मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून माणसाने माणसाला बंदुकीच्या दस्त्याने ठेचून मारणं म्हणजे काय, हे त्या फ्लेक्सवर दिसत नाही. ते दिसायला हवं, असं मला वाटतं. शौर्य स्वच्छ नसतं. समोरचे दोघेही कोणाची तरी मुलं होती, भले ती हिटलरच्या सैन्यात असोत. हे लक्षात ठेवल्याने घाडगे लहान होत नाहीत. उलट बावीस वर्षांच्या पोरावर त्या दिवशी काय येऊन पडलं होतं हे त्यातून कळतं. जे ऐकायला छान वाटतं तेवढंच मुलांना सांगितलं तर ती युद्धाला खेळ समजतील, आणि उद्या कोणीतरी कसलंही युद्ध त्यांच्यासमोर मांडलं तर टाळ्या वाजवतील.

दिल्लीत फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय समर स्मारक उघडलं. त्याच्या त्यागचक्रावर स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत पडलेल्या सैनिकांची नावं आहेत. ते योग्यच आहे, ते व्हायलाच हवं होतं. त्याच्यासमोर इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातल्या आणि अफगाण युद्धातल्या तेरा हजारांवर सैनिकांची नावं इंग्रजांनी कोरून ठेवली. या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या महायुद्धातले सुमारे ८७,००० मृत सैनिक येतात. स्वतंत्र भारताने त्यांच्याशी आपलं नातं काय, हे कधी ठामपणे सांगितलेलंच नाही. त्यांना राष्ट्रीय समर स्मारकावर घ्यावं की त्यांच्यासाठी वेगळी जागा करावी, यावर मतं वेगळी असू शकतात. माझं मत वेगळी जागा करावी असं आहे, आणि तिथे भरतीची, दुष्काळाची, आझाद हिंद सेनेची, १९४६ च्या मुंबईतल्या नाविकांच्या उठावाची गोष्टही सांगितलेली असावी. त्या उठावातले खलाशी याच युद्धासाठी भरती झालेले होते. नेताजींच्या सैन्यात सामील झालेले हजारो जण आधी याच हिंदी सैन्यात होते. इतिहासात हे लोक एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा स्मारकातही ते जवळ जवळ असू द्यावेत. एकाचं नाव लावण्यासाठी दुसऱ्याचं पुसण्याची गरज नाही.

दिल्लीचं दिल्ली पाहील. महाराष्ट्राने करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसाही लागत नाही. शालेय इतिहासाच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध येतं ते हिटलर, पर्ल हार्बर आणि हिरोशिमा म्हणून. त्यात दोन परिच्छेद पूर्व आफ्रिकेतलं केरेन, टायबर आणि सेनिओ इथल्या मराठी शिपायांवर असावेत, आणि त्यात ‘ते कोणासाठी लढले?’ हा प्रश्न उत्तर न देता मुलांपुढे ठेवावा. वर्गात भांडण होईल. होऊ द्या. आपल्या आजोबा-पणजोबांबद्दल भांडताना मुलं जेवढा इतिहास शिकतील तेवढा तारखा पाठ करून शिकणार नाहीत.

आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी एक काम हाती घ्यावं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. त्यांत मृत सैनिकाचं नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गावही असतं. मात्र त्या इंग्रजीत आहेत, आणि गावांची नावं साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. ‘कुलाबा’ जिल्हा आता रायगड झाला, तालुके फुटले, गावांची नावं बदलली. गावचा जुना तलाठी, शाळेतला शिक्षक, माजी सैनिक संघटनेतले दोन-चार जण एकत्र बसले तर कोणती नोंद कोणत्या वाडीची हे ते काही संध्याकाळींत सोडवतील. तालुकावार, मराठीत, घराण्याच्या नावासकट अशी यादी तयार झाली तर पेटीच्या तळाशी पडलेली पदकं आणि जुनी पत्रं आपोआप बाहेर येतील. आज अशा कितीतरी पेट्या घर मोडताना भंगारात जातात.

सुरुवात माणगावहून व्हावी. घाडग्यांच्या मानपत्रात त्यांच्या सेक्शनमधल्या इतर जवानांची नावं नाहीत. ‘सगळे ठार किंवा जखमी’, एवढ्यावर ते मिटवलं आहे. आयोगाच्या नोंदींत १० जुलै १९४४ ही तारीख आणि पाचवी मराठा ही रेजिमेंट घालून शोध घेतला, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या युद्धरोजनिशांमधून तिसऱ्या पलटणीची त्या आठवड्याची पानं मागवून घेतली, तर त्या दिवशी कोण कोण पडलं आणि कोणत्या गावचं होतं हे बऱ्याच अंशी कळू शकतं. शासनाने त्या पानांच्या प्रती मागवाव्यात, आणि मिळतील ती नावं पुतळ्याच्या चौथऱ्यावर घाडग्यांच्या नावाखाली लिहावीत.